मतपत्रिकेवरील कोरी ओळ

अमेरिकेच्या अतिउत्तरेकडील अलास्का राज्याची राजधानी जुनो येथे १० नोव्हेंबर २०१० रोजी एक विलक्षण काम सुरू झाले. सिनेटच्या निवडणुकीत मतदारांनी स्वतःच्या हाताने मतपत्रिकेवर लिहिलेली नावे एकेक करून वाचायची होती. लाखाच्या घरातल्या मतपत्रिका, प्रत्येकीवर निराळे हस्ताक्षर, आणि लिहायचे आडनाव 'मर्कोव्स्की'! कोणी एखादे अक्षर गाळले होते, कोणी जास्तीचे घातले होते, कोणी उच्चार होईल तसे उतरवले होते. प्रतिस्पर्धी उमेदवार जो मिलर यांचे प्रतिनिधी प्रत्येक कागदावर डोळे लावून उभे होते. कायद्याला अचूक नाव अभिप्रेत आहे, शुद्धलेखन चुकले की मत बाद, असा त्यांचा पवित्रा होता. असे आठ हजारांहून अधिक आक्षेप नोंदवले गेले. पण आक्षेप घेतलेल्या सगळ्या मतपत्रिका बाजूला ठेवल्या तरी लिसा मर्कोव्स्की दोन हजारांहून अधिक मतांनी पुढे होत्या, आणि त्या धरल्या तर दहा हजारांहून अधिक मतांनी. मर्कोव्स्की १,०१,०९१, मिलर ९०,८३९ असा अंतिम हिशेब लागला. मिलर न्यायालयात गेले. मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर एखाद्या अक्षराच्या चुकीने त्याचे मत हिरावून घेता येणार नाही, असा निर्वाळा अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ डिसेंबरला दिला. ज्यांचे नाव छापील मतपत्रिकेवर नव्हतेच, त्या बाई सिनेटर झाल्या.

अमेरिकेत याला 'राइट-इन' म्हणतात. मतपत्रिकेवर उमेदवारांची छापील नावे संपली की खाली एक कोरी ओळ असते. वरीलपैकी कोणीच पसंत नसेल तर मतदाराने तेथे आपल्या पसंतीचे नाव लिहावे, शेजारचे लंबवर्तुळ काळे करावे, ते मत मोजले जाते. भारतीय मतदाराला ही कल्पना प्रथमदर्शनी गमतीची वाटेल. आपल्याकडे मतपत्रिकेवर काही लिहिले तर मतदाराची ओळख पटू शकते, म्हणून ती मतपत्रिकाच बाद होते. एकाच कृतीला एका लोकशाहीत अधिकार मानले जाते आणि दुसरीत ती मतच रद्द करते, यामागे दोन्ही देशांचा इतिहास आहे. त्याकडे वळण्यापूर्वी अलास्कातील प्रकरण पुरते समजून घेतले पाहिजे. कारण त्यातील पात्रे आणि प्रसंग आपल्या राजकारणाला मुळीच अनोळखी नाहीत.

लिसा मर्कोव्स्की या घराणेशाहीतून आलेल्या. त्यांचे वडील फ्रँक मर्कोव्स्की बावीस वर्षे सिनेटर होते. २००२मध्ये ते राज्याचे गव्हर्नर झाले, त्यामुळे सिनेटची जागा रिकामी झाली आणि त्या जागेवर नेमणूक करण्याचा गव्हर्नराचा अधिकार वापरून त्यांनी आपल्या कन्येलाच नेमले. लोकांना ते रुचले नाही. पुढे २००६मध्ये फ्रँक यांना पक्षांतर्गत निवडणुकीत सॅरा पेलिन यांनी पराभूत केले. याच पेलिन यांनी २०१०मध्ये मिलर यांना पाठबळ दिले आणि ऑगस्टमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, लिसा सुमारे दोन हजार मतांनी हरल्या. अर्ज भरण्याची मुदत उलटून गेली होती. अपक्ष म्हणून छापील यादीत येण्याचा मार्ग बंद होता. उरली होती ती कोरी ओळ. १७ सप्टेंबरला त्यांनी तिच्यावर लढण्याचे जाहीर केले.

त्यानंतरचे सहा आठवडे अलास्कात जणू शुद्धलेखनाचा वर्ग भरला. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतून आडनावाची अक्षरे शिकवली गेली. नाव छापलेले मनगटी पट्टे वाटले गेले. विरोधकही स्वस्थ नव्हते. मतदान केंद्रात राइट-इन उमेदवारांची यादी मतदाराला दाखवण्यास न्यायालयाने मुभा दिली, तेव्हा आकाशवाणीवरील एका निवेदकाच्या चिथावणीवरून दीडशेहून अधिक लोकांनी स्वतःला राइट-इन उमेदवार म्हणून नोंदवून घेतले. हेतू एवढाच, की यादी लांबावी आणि हवे ते नाव मतदाराला सापडू नये. एका नावाचे अनेक अपक्ष उभे करण्याची आपल्याकडील युक्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात काही नवल वाटणार नाही. आणि हेही सांगितले पाहिजे, की मर्कोव्स्की यांच्या मागे केवळ सामान्य जनतेची उत्स्फूर्त लाट नव्हती. अलास्काच्या मूळ रहिवाशांच्या धनाढ्य महामंडळांनी त्यांच्या प्रचारासाठी दहा लाख डॉलरांहून अधिक खर्च केला. कोरी ओळ फुकट असते, पण लाखभर लोकांकडून तिच्यावर एकच नाव लिहवून घेणे फुकट होत नाही.

या ओळीचा जन्म कसा झाला हे कळले की तिचे महत्त्वही कळते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मतपत्रिका सरकार छापीत नसे. पक्ष आपापल्या उमेदवारांच्या नावांचे कागद छापून मतदारांना वाटीत, आणि मतदार तो कागद पेटीत टाकी. कागदाच्या रंगावरून कोण कोणाला मत देतो हे सर्वांना दिसे; धाकदपटशा आणि मतखरेदी राजरोस चाले. तथापि त्या गोंधळात मतदाराला एक स्वातंत्र्य होते. नको ते नाव खोडून त्याला दुसरे लिहिता येई. १८८८मध्ये मॅसॅच्युसेट्सने सरकारी छापील गुप्त मतपत्रिका स्वीकारली आणि पाहता पाहता ती देशभर पसरली. मत गुप्त झाले, ही मोठीच सुधारणा होती. पण त्याबरोबर एक नवी सत्ताही जन्मास आली. कोणाची नावे छापायची हे ठरवणाऱ्याची सत्ता. कोरी ओळ ही त्या सत्तेला ठेवलेली एक फट होती.

या फटीतून काय काय आत येऊ शकते, याची दोन उदाहरणे अमेरिकेच्या दक्षिणेत चार वर्षांच्या अंतराने घडली. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले १९५४चे, दक्षिण कॅरोलिनातील. सिनेटर बर्नेट मेबँक पक्षाची उमेदवारी मिळवून निश्चिंत झाले होते. त्या राज्यात तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी म्हणजेच विजय. मतदानाला दोन महिने उरले असताना १ सप्टेंबरला ते वारले. नवी प्रायमरी घ्यावी अशी मागणी झाली, परंतु पन्नासच्या आतबाहेर सदस्य असलेल्या पक्षसमितीने बैठक घेऊन एडगर ब्राउन या मातब्बर राज्य सिनेटरांचे नाव परस्पर ठरवून टाकले. माजी गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड यांनी या निर्णयाला आव्हान दिले. सिनेटर मूठभर माणसांनी निवडायचा की जनतेने, हा एकच प्रश्न त्यांनी मतदारांपुढे ठेवला, आणि निवडून आलो तर १९५६मध्ये राजीनामा देऊन रीतसर प्रायमरीला सामोरा जाईन असे वचन दिले. राज्यातील सुमारे ६३ टक्के मतदारांनी त्यांचे नाव हाताने लिहिले. थर्मंड यांनी १९५६मध्ये खरोखरच राजीनामा दिला आणि ते पुन्हा निवडून आले. दिलेला शब्द पाळण्यासाठी खुर्ची सोडणारा नेता कोणत्याही देशात दुर्मीळच.

एवढ्यावर थांबले तर ही लोकशक्तीची सुरस कथा होईल. परंतु हेच थर्मंड १९४८मध्ये वंशभेदाच्या समर्थनार्थ राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले होते आणि १९५७मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध चोवीस तासांहून अधिक काळ सलग भाषण करणार होते. ज्या 'जनते'च्या नावाने ते उभे राहिले, तिच्यात राज्यातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांना स्थान नव्हते. नाना क्लृप्त्यांनी त्यांना मतदार यादीबाहेर ठेवण्यात आले होते. समितीची मनमानी मोडली गेली हे खरे. ज्यांचे नाव मतपत्रिकेवर तर सोडाच, मतदार यादीतही नव्हते, त्यांना या विजयाने काहीच मिळाले नाही, हेही तितकेच खरे.

दुसरे उदाहरण याहून बोचणारे. आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे १९५७च्या सप्टेंबरात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत प्रवेश मिळू नये म्हणून गव्हर्नर फॉबस यांनी राज्याचे सैनिक उभे केले, आणि अखेरीस अध्यक्ष आयझेनहॉवर यांना केंद्राचे सैन्य पाठवावे लागले. या संघर्षात तेथील काँग्रेस प्रतिनिधी ब्रुक्स हेज यांनी मध्यस्थीचा प्रयत्न केला. हेज हे आठ वेळा निवडून आलेले, सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या धर्मसंघाचे अध्यक्ष, मवाळ स्वभावाचे गृहस्थ. गव्हर्नर आणि अध्यक्षांची भेट त्यांनीच घडवून आणली. तो समेट टिकला नाही. पण दोन्ही बाजूंशी बोलले हाच त्यांचा अपराध ठरला. १९५८च्या प्रायमरीत ते जिंकले, तेव्हा सर्वांना वाटले की आता चिंता नाही. मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना शालेय मंडळाचे सदस्य असलेले नेत्रवैद्य डेल आल्फर्ड यांनी राइट-इन उमेदवारी जाहीर केली. मतदारांना नाव लिहिण्याचेही कष्ट नकोत म्हणून मतपत्रिकेवर चिकटवण्यासाठी नावाच्या छापील चिठ्ठ्या वाटण्यात आल्या. आल्फर्ड ३०,७३९, हेज २९,४८३. एका आठवड्याच्या संतापाने सोळा वर्षांची सेवा पुसून टाकली.

तेव्हा या ओळीची आरती ओवाळण्याचे कारण नाही. समितीच्या बंद दाराला तिने धडक दिली, तशीच एका समंजस माणसाला तिने घरीही बसवले. तिच्यावर जे लिहिले जाईल ते समाजाच्या मनात जे असेल तेच. समाजमन घडवण्याचे काम मतपत्रिकेच्या कोणत्याही रचनेने होत नाही. ते वर्षानुवर्षे घरोघरी जाऊन करावे लागते, हे संघटनेचे काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

शिवाय व्यवहारात या मार्गाने यश क्वचितच येते. २००६मध्ये टेक्सासमध्ये टॉम डीले यांनी ऐनवेळी माघार घेतली आणि त्यांच्या जागी दुसरे नाव छापण्यास न्यायालयाने मनाई केली. रिपब्लिकन पक्षाने शेली सेकुला-गिब्ज यांना राइट-इन म्हणून पुढे केले. तेथील मतदान यंत्रावर चकती फिरवून एकेक अक्षर निवडायचे होते. एवढे लांब जोडनाव, आणि मागे रांग खोळंबलेली! तरीही त्यांना सुमारे ४२ टक्के मते मिळाली. त्या हरल्या खऱ्या, पण इतक्या मतदारांनी ते दिव्य केले हेच आश्चर्य. काही राज्यांत तर ही सोयच नाही. हवाई, नेवाडा, ओक्लाहोमा, दक्षिण डकोटा आणि लुईझियाना ही राज्ये राइट-इन मते मोजत नाहीत. हवाईतील एका मतदाराने यास आव्हान दिले होते. १९८६मध्ये त्याच्या विधानसभा मतदारसंघात एकच उमेदवार होता, मग मत द्यायचे म्हणजे काय करायचे, असा त्याचा साधा प्रश्न होता. १९९२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. उमेदवार होण्याचे इतर मार्ग पुरेसे खुले आहेत, असे बहुमताचे म्हणणे पडले. जेथे एकाच पक्षाचे वर्चस्व आहे आणि कितीतरी जागा बिनविरोध जातात, तेथे मतदाराला खरी निवड उरतच नाही, असे न्यायमूर्ती केनेडी यांनी भिन्नमतात नोंदवले. तो निकाल पराभूत पक्षाचा असला तरी त्यातील प्रश्न जिवंत आहे, आणि तो भारतातही विचारावा लागतो.

आपल्याकडे कोरी ओळ का आली नाही याचे उत्तर सोपे आहे. १९५१मध्ये देशात शंभरातील अठरा जणांनाच लिहिता-वाचता येत होते. ज्या समाजात नाव वाचण्याचीच अडचण, तेथे नाव लिहिण्याचा अधिकार देणे ही क्रूर चेष्टा ठरली असती. म्हणून पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी आणि तिच्यावर चिन्ह अशी व्यवस्था करण्यात आली. निरक्षर मतदाराला पहिल्या दिवसापासून समान मताचा अधिकार देणारी ती रचना जगाला थक्क करणारी होती, आणि तिचा अभिमानच वाटला पाहिजे. उमेदवार होण्याची वाटही आपल्या कायद्याने फारशी अरुंद ठेवलेली नाही. दहा सूचक आणि अनामत रक्कम असली की पंचवीस वर्षांचा कोणीही मतदार लोकसभेला उभा राहू शकतो. मेबँक यांच्यासारखा प्रसंग ओढवला, म्हणजे मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानापूर्वी दिवंगत झाला, तर आपल्याकडे मतदान पुढे ढकलले जाते आणि पक्षाला नवा उमेदवार देण्यास सात दिवस मिळतात. ही तरतूद अमेरिकेच्या तुलनेत अधिक शहाणपणाची आहे.

परंतु अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की यादीवर कुलूप पडते. त्यानंतर मतदानापर्यंत किमान दोन आठवडे असतात, आणि त्या काळात काहीही घडो, मतदाराला यादीबाहेर पाऊल टाकता येत नाही. अशा बंदिस्त यादीचा दुरुपयोग कसा होतो, याचा पहिला धडा राष्ट्रीय विचाराच्या कार्यकर्त्यांनीच घेतला आहे. १९५१मध्ये जम्मू-काश्मीरच्या संविधान सभेची निवडणूक झाली. पं. प्रेमनाथ डोग्रा यांच्या प्रजा परिषदेच्या उमेदवारांचे अर्ज मोठ्या संख्येने फेटाळण्यात आले, परिषदेला बहिष्कार घालावा लागला, आणि शेख अब्दुल्ला यांच्या नॅशनल कॉन्फरन्सने पंचाहत्तरपैकी पंचाहत्तर जागा पटकावल्या. त्यातील बहुतेक सर्व बिनविरोध. दिल्लीतील पुरोगामी मंडळींनी त्या सभेला जनतेचा कौल म्हणून मिरवले. जम्मूच्या मतदाराला कौल देण्यासाठी कागदावर दुसरे नावच ठेवलेले नव्हते, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. 'बिनविरोध' या शब्दाकडे संशयाने पाहण्याचा अधिकार त्या दिवसापासून या विचारधारेने कमावलेला आहे.

म्हणूनच तो अधिकार स्वतःच्या सोयीच्या वेळी विसरून चालणार नाही. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत सुरत येथे काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनीच आपल्या सह्या नाकारल्या, अर्ज बाद झाला, बाकीच्या उमेदवारांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भारतीय जनता पक्षाचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. ज्या पक्षाला सह्या टिकवणारे चार सूचक मिळत नाहीत, त्याने लोकशाही धोक्यात असल्याची हाकाटी करणे हास्यास्पदच. कायद्याप्रमाणे सर्व काही रीतसर झाले. तरीही सोळा लाखांहून अधिक मतदारांच्या त्या मतदारसंघात २०२४मध्ये लोकसभेसाठी एकानेही मत दिले नाही, हे वास्तव उरतेच. भाजपचा बालेकिल्ला असलेल्या सुरतेत पक्ष मतदानातूनही जिंकला असता. मग तो विजय मतदारांच्या हातून मिळण्यातच पक्षाची शोभा होती.

इंदूरमध्ये त्याच वर्षी काँग्रेस उमेदवाराने माघारीच्या अखेरच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि भाजपत प्रवेश केला. शंकर लालवानी पावणेबारा लाख मतांच्या फरकाने विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर कोणी माणूस नव्हता, 'नोटा' होता. २,१८,६७४ मते! काँग्रेसने नोटाचे आवाहन केले होते, हे खरे. पण ती सारी मते काँग्रेसची होती असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ज्याच्याविरुद्ध महिनाभर प्रचार केला त्यालाच एका सकाळी व्यासपीठावर हार घालावा लागलेला कार्यकर्ता यंत्रासमोर एकटा असताना काय करतो, हे कोणाला कळणार?

'नोटा' म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३च्या निकालाने तो मिळाला. त्यापूर्वी कोणालाच मत द्यायचे नसेल तर तसे अधिकाऱ्याला सांगून नोंदवहीत सही करावी लागे, म्हणजे गुप्तता संपली. न्यायालयाने ती उणीव दूर केली. परंतु नोटाला कितीही मते पडली तरी लोकसभेत उरलेल्यांपैकी सर्वाधिक मतांचा उमेदवारच निवडून येतो. अमेरिकेतील नेवाडा राज्यात १९७०च्या दशकापासून असाच पर्याय आहे. २०१४मध्ये तेथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत 'यांपैकी कोणीही नाही' हा पर्याय पहिला आला, आणि उमेदवारी मिळाली दुसऱ्या क्रमांकाच्या गृहस्थांना! कोऱ्या ओळीत आणि नोटात हाच मूलभूत भेद आहे. नोटावर बोट ठेवणारा 'हा नको' एवढेच सांगू शकतो, 'मग कोण' हे सांगण्याची जागा त्याला नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये एक पाऊल पुढे टाकले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते पडल्यास त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक घेण्याचा आदेश आयोगाने काढला. नगरपालिकेच्या प्रभागाला जे लागू करता येते, ते लोकसभेच्या मतदारसंघाला लागू करण्यास प्रत्यवाय का असावा, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही पक्षाने दिलेले नाही. बिनविरोध निवडीसाठीही मतदारांच्या किमान संमतीची अट घालता येईल. एकच उमेदवार उरला तरी त्याच्यासमोर नोटा ठेवून मतदान घ्यावे. खर्च होईल, होऊ द्यावा.

तथापि कायद्यातील दुरुस्तीने भागेल असा हा विषय नाही. मर्कोव्स्कींना जशी कोरी ओळ, तशी आपल्या बंडखोराला अपक्ष उमेदवारी. तिचा ताजा दाखला सांगलीचा. २०२४मध्ये आघाडीच्या जागावाटपात ती जागा शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाने घेतली, आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील लिफाफा हे चिन्ह घेऊन अपक्ष उभे राहिले. ते लाखाच्या फरकाने निवडून आले आणि लगोलग काँग्रेसच्या गोटात परतले. येथेही घराणे, तेथेही घराणे! पक्षाने नाकारलेला माणूस पक्षाबाहेरून निवडून यायचा तर त्याच्याकडे आधीच नाव लागते, पैसा लागतो, यंत्रणा लागते. दोन्ही देशांतील पळवाट सामान्य कार्यकर्त्यासाठी नाहीच. १९५७च्या लोकसभेत बेचाळीस अपक्ष होते, २०२४च्या लोकसभेत सात. सामान्य कार्यकर्त्याची वाट पक्षातूनच जाते, आणि पक्षात उमेदवार कसा ठरतो, येथे येऊन सगळा प्रश्न थांबतो.

अमेरिकेत प्रायमरीत निदान पक्षाचे मतदार तरी मत देतात. आपल्याकडे बहुतेक पक्षांत ते एखाद्या कुटुंबाच्या दिवाणखान्यात ठरते. ज्या पक्षाकडे या साप्ताहिकाचा वाचक आपुलकीने पाहतो, तो या रोगापासून दूर होता, कारण त्याच्यामागे विचाराने बांधलेल्या कार्यकर्त्यांची फळी होती. गेल्या काही वर्षांत तेथेही सर्वेक्षणाचे आकडे, 'निवडून येण्याची क्षमता' आणि अर्ज भरण्याच्या आदल्या रात्रीचे पक्षप्रवेश यांचा जोर वाढला आहे. सत्तेच्या विस्तारासाठी माणसे जोडावी लागतात, हे मान्य. पण वीस वर्षे मतदारांच्या चिठ्ठ्या वाटणारा, उन्हात बूथवर बसणारा कार्यकर्ता ज्याच्या भ्रष्टाचाराच्या कथा गल्लीगल्लीत सांगत होता, त्याच्याच नावाची चिठ्ठी घेऊन त्याच गल्लीत जातो, तेव्हा दार उघडणारी गृहिणी फक्त हसते. त्या हसण्याला उत्तर देता येत नाही. २०१९च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये २७,५०० मते घेऊन नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला. जागावाटपात ती जागा मित्रपक्षाकडे गेल्याची नाराजी त्यामागे असल्याची चर्चा तेव्हा उघडपणे झाली होती. ती चर्चा निकालाबरोबर विरून गेली, नाराजी विरली की नाही हे कोणी तपासले नाही.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर 'ऑर्गनायझर'मधील आपल्या स्तंभात याच विषयाचा परखड ऊहापोह केला होता. उमेदवार वाईट असेल तर केवळ तो चांगल्या पक्षाचा आहे म्हणून मत मागण्याचा त्याला अधिकार नाही, आणि पक्षाकडून निवडीत चूक झाली तर ती सुधारणे हे जागृत मतदाराचे कर्तव्य ठरते, असे त्यांनी लिहिले. हे लिहिणारा माणूस त्याच पक्षाचा महामंत्री होता, हे विसरू नये. पुढच्याच वर्षी, १९६३मध्ये, जौनपूरच्या पोटनिवडणुकीत स्वतः उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. जातीच्या नावाने मते मागण्याचा सल्ला अनेकांनी दिला, गणितही अनुकूल होते. त्यांनी तो सल्ला साफ नाकारला, आणि ते पराभूत झाले. त्या काळच्या जनसंघात कोणत्या मतदारसंघातून कोणाचे नाव जावे, याची चर्चा मंडल स्तरापासून होत असे. आज साधने शतपटीने वाढली आहेत, प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात दूरध्वनी आहे. उमेदवारी अर्जांच्या मुदतीपूर्वी महिनाभर मतदारसंघातील सक्रिय सदस्यांचे गुप्त मत घेणे आणि त्याचा निकाल त्यांना कळवणे, यात अशक्य असे काही नाही. अलास्कात लाख माणसे सहा आठवड्यांत एक अवघड आडनाव लिहायला शिकली. येथे तर नावे कार्यकर्त्यांना पाठ आहेत, फक्त ती कोणी विचारत नाही.